शिफ्टर केबल: आधी अंतर, मग कव्हर

मंडळी, ही जी शिफ्टर केबल मी हातात धरलीये ना, म्हणजे गिअरचा लिव्हर गिअरबॉक्सला जोडणारी, ती माझ्याच गाडीतून निघालीय. 1969 ची शेवरोले कमॅरो, व्ही-8 इंजिन, टर्बो 350 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हे काळं कव्हर, म्हणजे केबलची बाहेरची नळी बघा, इथे चार बोटं लांबीत चकाकतंय, चपटं पडलंय, आणि आतली तार ओढली की वाळू भरल्यासारखी खरखर लागते. ही एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाला चिकटलेली नव्हती बरं का, बोटभर अंतरावर होती.

केबलचं तत्त्व सायकलच्या ब्रेकचंच, पण सायकलची नुसती ओढते, ही ओढते आणि ढकलतेही, म्हणून आतली तार जाड असते. तार आणि नळीच्या मधे प्लॅस्टिकचं अस्तर. साधं पॉलिथिलीन 110 ते 130 अंशांना वितळायला लागतं आणि तापलेला पाइप त्याच्या दुप्पट सहज जातो. चुलीसमोर बसलं की हात न लावता तोंडाला झळ लागते ना, तशी ही झळ केबलला लागते. गाडी पळतेय तोवर खालून वारा मिळतो, गाडी बंद केली की वारा थांबतो आणि पाइप तसाच तापलेला, खरं नुकसान तेव्हा होतं.

माझ्याकडे सुरुवात अशी झाली की उन्हाळ्यात लांब चालवून आलो की लिव्हर जड, सकाळी गार झाली की पुन्हा हलका. मला वाटलं गिअरबॉक्समधेच काहीतरी आहे, ऑइल बदललं, महिना गेला. मग एक दिवस लिव्हर पार्कवर टाकून उतरलो आणि गाडी हळूच मागे सरकली. लिव्हर पार्कवर होता, गिअरबॉक्स पार्कमधे गेलाच नव्हता. नशीब मागे कोणी नव्हतं. तेव्हापासून हँडब्रेक लावल्याशिवाय मी उतरत नाही आणि तुम्हीही उतरू नका, हे अगदी मनापासून सांगतोय.

आता रूटिंग, म्हणजे केबल कुठून न्यायची ते. टर्बो 350 चा सिलेक्टर आर्म, म्हणजे केबल ज्याला ओढते-ढकलते तो दांडा, गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला असतो, आणि ड्युअल एक्झॉस्ट (दोन पाइप) असेल तर एक पाइप नेमका तिथूनच जातो. त्यामुळे केबल फ्लोअरला लागून जितकी वरून नेता येईल तितकी न्या, पाइप ओलांडायचाच असेल तर आडवा ओलांडा, समांतर धावू देऊ नका. वळण मी आठ इंच रेडियसच्या आत कधी घेत नाही. आणि नळी पकडणारं ब्रॅकेट गिअरबॉक्सवरच, पॅनच्या (खालच्या ऑइलच्या तबकाच्या) बोल्टांवर बसवा, चेसिसवर नको, कारण रबर माउंटवर इंजिन-गिअरबॉक्स डोलतात आणि नळी चेसिसला बांधलेली असली तर प्रत्येक ॲक्सिलरेटरला आर्म ओढला जातो. पाइपाजवळ प्लॅस्टिकचे टाय नकोत, रबर लावलेले लोखंडी क्लिप वापरा.

एवढं करून जिथे जागाच नाही तिथे झळ अडवणारं कव्हर. ते चंदेरी ग्लासफायबरचं स्लीव्ह झळ परतवतं, पण पाइपाला टेकलं की परतवणार काय, सरळ तापतं. त्याहून मला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल आवडते, पाइपापासून अर्धा इंच सोडून, मागेही मोकळी हवा ठेवून.

शेवटी ॲडजस्टमेंट. लिव्हर आणि आर्म दोन्ही पार्कमधे ठेवा, केबलच्या टोकाची पिन जोर न लावता आत गेली पाहिजे, मग तसंच रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्हला. आणि हे गार गाडीवर करून थांबू नका. पाऊण तास चालवा, सपाट जागी बंद करा, चाकांना दगड लावा, दहा मिनिटं जाऊ द्या, पाइप हाताला लागणार नाही असं बघून खाली जा आणि पुन्हा तपासा.