उरलेल्या पैशाची चौकशी

बजेट ॲनालिस्टच्या, म्हणजे ठरलेलं बजेट आणि झालेला खर्च ताडून बघणाऱ्याच्या, स्क्रीनवर हे जे शीट दिसतंय ना, त्यात डावीकडे खर्चाची हेडं, म्हणजे पगार, ट्रेनिंग असे खर्चाचे प्रकार आहेत, मग बजेट, मग ॲक्चुअल म्हणजे खरंच झालेला खर्च, आणि शेवटी या दोघांतला फरक, ज्याला ऑफिसात सगळे व्हेरियन्स म्हणतात. आकडा लाल झाला की खर्च जास्त झालाय, तिकडे लक्ष सगळ्यांचंच जातं, त्यासाठी वेगळा बजेट ॲनालिस्ट कशाला नेमायचा. खरी गंमत हिरव्या आकड्यांत असते. पैसे उरलेत, मग का उरलेत?

ही ओळ बघा. समजा एका विभागात १० पदं मंजूर आहेत, पगारासाठी १०० ठेवलेत आणि ओव्हरटाइमसाठी ५. वर्ष संपत आलंय, पगारावर गेले ८०, ओव्हरटाइमवर २०. बेरीज केली तर १०५ पैकी १०० खर्च, ५ वाचले, विभाग एकदम शिस्तीत चाललाय असं वाटतं. आता तीच बेरीज फोडून बघा, दोन जागा वर्षभर रिकाम्या आहेत आणि उरलेली आठ माणसं चौपट ओव्हरटाइम करून गाडा ओढतायत. एकूण आकड्यात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून मुरलेला ॲनालिस्ट एकूण बेरजेवर कधीच समाधान मानत नाही, आधी ती फोडतो.

पण कुणाला फोन लावायच्या आधी स्वतःचं शीट तपासायचं, हे मात्र पहिलं. मध्ये कुणीतरी ओळ घातलेली असते आणि बेरजेचा फॉर्म्युला तिथपर्यंत पोचलेलाच नसतो. हे मोठमोठ्यांचं होतं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या पेपरात एक सरासरी ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवी होती ती ४४ वरच थांबली, त्यात पाच देश बाहेर राहिले, आणि ते २०१३ मध्ये शोधून काढलं थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने. तर आधी आपले फॉर्म्युले, मग दुसऱ्याची उलटतपासणी.

आता फोन. ट्रेनिंगच्या हेडवर सहा महिन्यांत जवळपास काहीच खर्च नाही.

"मॅडम, ट्रेनिंग झालं की नाही?"

"झालं की, दोन बॅचेस झाल्या, एजन्सीने बिल दिलं नाहीये अजून."

संपलं. पैसे वाचलेले नाहीत, फक्त बिल यायचंय, आलं की एकाच महिन्यात सगळं अंगावर येणार. याला टायमिंगचा फरक म्हणतात. तो आणि खरोखरची बचत, या दोन गोष्टी वेगळ्या करता येणं म्हणजे या कामातलं निम्मं कसब, असं माझं मत. कधी कधी तर दोष बजेटचाच असतो, वर्षाचा आकडा सरळ १२ ने भागून महिन्यांत वाटलेला असतो आणि काम मात्र मुळात शेवटच्या तिमाहीतच व्हायचं असतं.

आणि मग येते वर्षअखेर. उरलेला पैसा परत जाणार, वर "यंदा लागला नाही ना, मग पुढच्या वर्षी कमी घ्या" हे ऐकावं लागणार, म्हणून जे दिसेल ते घ्यायची घाई सुरू होते. हे नुसतं ऑफिसातलं गॉसिप नाही हं. अमेरिकेच्या केंद्र सरकारची खरेदी जेफ्री लिबमन आणि नील माहोनी या अर्थतज्ज्ञांनी तपासली, तो अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च बाकीच्या आठवड्यांच्या सरासरीच्या ४.९ पट निघाला, आणि वर्षअखेरीला घेतलेल्या आयटी प्रोजेक्टांचा दर्जाही बराच खालचा.

यावर उपाय म्हणून दरवर्षी सगळं शून्यापासून मांडा, मागच्या वर्षीचा आकडा पकडून त्यात थोडी वाढ असं चालणार नाही, ही पद्धत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीत पीटर पायर यांनी वापरली. जिमी कार्टर यांनी ती अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर असताना घेतली आणि १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर केंद्र सरकारला लावली. १९८१ मध्ये रेगन सरकारने ती बंद केली. कल्पना वाईट नव्हती, पण प्रत्येक खात्याने प्रत्येक कामाचं समर्थन दरवर्षी नव्याने लिहायचं म्हटल्यावर कागदांचा नुसता ढीग होतो आणि तो वाचणारी माणसं तेवढीच राहतात. मला विचाराल तर थोडीच हेडं आळीपाळीने शून्यापासून तपासावीत, सगळी एकदम नको.

आपल्या त्या दोन रिकाम्या जागांवर ॲनालिस्ट शेवटी एक नोट लिहितो, एकच पान, कारण त्याहून जास्त कुणी वाचत नाही. जागा भरल्या तर एवढे लागतील, नाही भरल्या तर ओव्हरटाइम एवढा, आणि भरायच्याच नसतील तर पगाराच्या हेडवरून पैसे रीतसर वळवा, लपवाछपवी नको. निर्णय वरचे घेतात. कधी कधी सगळं वाचून, मान हलवून, ओव्हरटाइमच चालू ठेवतात, कारण नवीन माणूस घेतला की तो पुढची कित्येक वर्षं खर्चात धरावा लागतो आणि ओव्हरटाइम कधीही थांबवता येतो. मग नोटवर तारीख घालून ती फाइलला लावायची, आणि पुढच्या बजेटच्या मीटिंगला तो विभाग पुन्हा १० जणांचा पगार मागायला आला की पहिली तीच काढायची.