मासा नंतर, आधी गार पाणी शोधा

नमस्कार मंडळी! धरणाच्या खोल पाण्यात ट्राउट धरायला गेलं की पहिला प्रश्न एकच, एवढ्या पाण्यात तो आहे कुठे? नदीत बरं असतं, खडकाच्या आड, भोवऱ्याच्या कडेला, जागा डोळ्यांना दिसतात, इथे वरून सगळं सपाट.

मी म्हणतो मासा शोधूच नका, गार पाणी शोधा. ट्राउटला साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं, 20 च्या वर गेलं की तो बेजार. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच राहतं, खालचं गार नि जड पाणी त्यात मिसळतच नाही, आणि मधे एक पट्टा असतो जिथे थोडक्या खोलीत पारा भराभर उतरतो, थर्मोक्लाइन म्हणतात त्याला. बहुतेक वेळा मासा त्याच्याच आसपास.

मी आधी काय करायचो, गार हवंय ना, मग सोड गळ थेट तळाला! दिवसच्या दिवस कोरडे गेले. नंतर कळलं, तळाचा कुजका गाळ ऑक्सिजन खाऊन टाकतो नि वरचा ऑक्सिजन तिथवर पोचत नाही, मग मासा कशाला थांबेल?

फिश फाइंडर (पाण्याखालचा मासा नि खोली पडद्यावर दाखवणारं यंत्र) नसला तरी अडत नाही. दोरीला दर मीटरला गाठ मारा, टोकाला वजन नि थर्मामीटर घातलेली उघडी बाटली बांधा, हव्या त्या गाठीला दोनचार मिनिटं थांबून पटकन वर ओढा (घाई केली की आकडा खोटा येतो, माझा आलाय).

खोली कळली की आमिष माशाच्या जरा वरून न्या, खालून नको, कारण ट्राउट वर बघून झडप घालतो. होडीमागे आमिष ओढत असाल तर चालण्याच्या वेगाहूनही हळू, मधेच एखादं वळण घ्या, वळणावर आमिष खालीवर होतं आणि नेमका तेव्हाच झटका बसतो.

वसंतात नि शरदात पाणी वरखाली घुसळून निघतं, तेव्हा हा खटाटोप नको, काठाजवळ, ओढा येऊन मिळतो तिथे बघा.

आणि हो, भर उन्हाळ्यात खोलातला मासा सोडून द्यायचा असेल तर हात ओले करून, शक्यतो पाण्यातच गळ काढा, वरच्या कोमट पाण्यात तो आधीच धापा टाकत असतो, फोटोबिटो राहू दे.