तिसरी पिन

अध्यक्ष महोदय, नुकत्याच परीक्षा संपवून आलेल्या मित्रांनो, आणि त्यांना इथवर घेऊन आलेल्या आई-बाबांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरचा गेमिंग कॉम्प्युटर जास्त वर्षं कसा टिकवावा’. ग्राफिक कार्ड कधी बदलायचं, प्रोसेसर कोणता घ्यायचा, यासाठी पुढच्या रांगेतली मुलं वह्या उघडून बसली आहेत. तिकडे येतोच. त्याआधी मला एक सांगा, अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला बोट लावलं की झिणझिण्या कोणाकोणाला येतात? हात वर करा. लाजू नका.

बघा, निम्मं सभागृह! आणि सगळे हसताय, म्हणजे तुम्हाला याची सवय झालीय. माझं आजचं भाषण त्या सवयीविरुद्ध आहे.

झिणझिण्या का येतात? आपल्या पॉवर सप्लायच्या तोंडाशीच एक फिल्टर असतो. त्यात एक छोटा कपॅसिटर फेजपासून पत्र्याला आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला असतो. विजेतला खरखराट अर्थिंगकडे, म्हणजे प्लगच्या तिसऱ्या पिनमधून जमिनीकडे, सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर तो पत्रा दोघांच्या मधे लोंबकळत राहतो, म्हणजे 230 च्या साधारण निम्म्यावर, 115 व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणसाला नुसतं झिणझिणतं. पण तुम्ही चालू मशीनची एचडीएमआय केबल टीव्हीला लावायला जाता, आणि टीव्हीला केबलवाल्याच्या किंवा डिशच्या वायरीतून जमीन मिळालेली असते. मग तो फरक त्या नाजूक पोर्टातून मिटतो. टिचकन आवाज येतो आणि पोर्ट गेलं. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर अशी कार्डं येतात, चिप ठणठणीत, पंखे फिरताहेत, फक्त चित्र नाही. पोरगं म्हणतं, काका, कंपनीचा माल खराब. अरे, माल चांगला आहे रे, भिंत खराब आहे!

आता माझ्याच बिल्डिंगचं सांगतो. नागपुरात मानेवाड्याकडची नवी स्कीम. प्रत्येक खोलीत तीन भोकांचे सॉकेट, चकचकीत एमसीबी. आणि सगळ्या घरांत झिणझिण. बिल्डरच्या माणसाला बोलावलं तर म्हणाला, ‘साहेब, थ्री पिन दिलंय ना? मग अर्थिंग असणारच.’ मीटररूम उघडायला लावली. हिरव्या वायरींची छान जुडी बांधलेली, टेप गुंडाळलेली, आणि ती कुठेच जात नव्हती. जमिनीत काहीच पुरलेलं नव्हतं! बाजूला ट्रान्सफॉर्मरएवढा मोठा गणपती रंगवला होता, त्यावर मात्र खर्च केला होता.

मग एक इलेक्ट्रिशियन आला. म्हणाला, ‘दोन मिनिटांचं काम आहे, सॉकेटमधेच न्यूट्रलवरून अर्थिंगला लूप मारून देतो.’ हे नीट ऐका, कारण नागपुरात हे सर्रास चालतं. असा लूप मारला की झिणझिणी खरंच थांबते. पण पुढे कधी न्यूट्रल तुटला की पंख्यातून, बल्बमधून आलेला फेज त्या लूपमधून थेट कॅबिनेटवर येतो. कॅबिनेटवर, फ्रीजवर, वॉशिंग मशीनवर, पूर्ण 230. आणि तिथे करंट थोडा नसतो. मी त्या माणसाला चहा पाजला, पण बोर्डाला हात लावू दिला नाही.

नंतर सोसायटीची सभा. पार्किंगच्या पट्ट्यांवर सगळे तावातावाने बोलले, अर्थिंग म्हटल्यावर ‘पुढच्या सभेत बघू’. शेवटी ज्यांना ओल्या हाताने वॉशिंग मशीनचा झटका बसला होता, त्या काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझे पैसे आधी घ्या. मग खड्डा झाला. प्लेट, कोळसा, मीठ, वर पाणी घालायला पाइप. आयएस 3043 नावाचं भारतीय मानक अर्थिंगसाठीच आहे, ते कंत्राटदाराला दाखवा. आणि आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. पश्चिम नागपुरात थोडं खणलं की काळा पाषाण लागतो, आणि मे महिन्यात माती इतकी वाळते की चांगल्या खड्ड्याचाही रोध वाढतो. नवतपा लागायच्या आधी त्या पाइपात पाणी ओतत जा. हे काम सोसायटीच्या चौकीदाराच्या यादीत लिहून टाका.

तपासायचं कसं? जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थिंगमधे 100 वॅटचा बल्ब लावून बघा. लख्ख लागला, आणि सॉकेटमधे तो न्यूट्रलचा लूप मारलेला नसेल, तर जमीन भेटली. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी खटकी, खटकन पडली तर आणखी छान, करंट जमिनीत गेला म्हणूनच ती पडली. नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका, तो लोंबकळत्या वायरीवरही आकडा दाखवतो.

एक गोष्ट मात्र अर्थिंगही अडवत नाही. जूनच्या तोंडावर वादळ येतं, फांदी पडते, डीपीवरचा न्यूट्रल तुटतो आणि घरातला व्होल्टेज 350, कधी 400 कडे चढतो. आभाळ भरून आलं की प्लग उपसून ठेवा. बटण बंद केल्याने फक्त फेज तुटतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

उष्णता. 23 मे 2013 ला आपल्याकडे 47.9 अंश नोंदले गेले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ठोकताळा असा की दर 10 अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून उन्हाळ्यात खोली गार हवी, आणि कोरड्या मे महिन्यात कूलर ते काम फार सुंदर करतो. पण त्याचा झोत कॅबिनेटवर नको. बोअरच्या पाण्याचे तुषार उडतात, धुळीत मिसळून हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पात्यांवर पांढरा थर धरतात, आणि तो ब्लोअरने निघत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. कॅबिनेटचा धुळीचा फिल्टर दर महिन्याला धुवा, पूर्ण वाळवून लावा.

गेमच्या सेटिंगमधे फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या चित्रांना, लगाम घाला. मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर कार्डाने 140 फ्रेम काढून उपयोग काय? उष्णता आणि आवाज तेवढा वाढतो. कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवणं, अंडरव्होल्टिंग, हेही शिकून घ्या.

आता तुमच्या वह्यांसाठी. नवी मशीन घेताना पॉवर सप्लायवर काटकसर नको, तो पुढच्या दोन कार्डांना पुरतो. मदरबोर्ड घेताना त्याचं प्रोसेसर बसवायचं सॉकेट किती वर्षं चालणार ते बघा. एएमडीच्या एएम4 सॉकेटचे 2017 चे कित्येक बोर्ड बायॉस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून 2022 चा 5800 एक्स3डी प्रोसेसर चालवतात, म्हणजे बोर्ड तोच, मेमरी तीच. कार्ड म्हातारं वाटलं तर विकायच्या आधी गेममधे एएमडीचं एफएसआर चालू करून बघा. 2021 पासून आहे आणि जुन्या एनव्हिडिया कार्डांवरही चालतं. चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून ते मोठं करतं.

आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून मशीन भंगारात देऊ नका. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय, थोडक्यात टीपीएम, लागतं, आणि ते पुष्कळ बोर्डांत असतं, फक्त बायॉसमधे बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर विंडोजऐवजी लिनक्स टाका. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनमुळे स्टीम या ऑनलाइन दुकानातले बरेच गेम तिथे चालतात. ऑनलाइन खेळांपैकी काही अँटी-चीटपायी, म्हणजे लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपायी, अडतात, तेवढं टाकण्याआधी तपासून घ्या. हां, घंटा झाली. प्रश्न विचारा, पण आधी त्यांनी, ज्यांचे मघाशी हात वर होते.