मासळी घ्यायला निघताना घड्याळ नको, तिथी बघा

नमस्कार मंडळी. सुट्टीला गावी आलेले पाहुणे हमखास विचारतात, "बाजाराला कधी जायचं?" सकाळी लवकर, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. कोकणात ते निम्मंच खरं आहे. आपल्या बाजारात माल तीन वाटांनी येतो: समुद्रातून, घाटावरून आणि आजूबाजूच्या वाड्यांमधून. प्रत्येक वाटेची वेळ वेगळी.

आधी समुद्र. हे बघा, भिंतीवरचं साधं कॅलेंडर. आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. दशमीला साडेसात. पौर्णिमा झाली की वद्य प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत तर भरती आणखी उशिरा पोचते, पण पिशवी घेऊन निघायला एवढा हिशोब पुरतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

आता याचा बाजाराशी काय संबंध? तिसऱ्या, मुळे, कालवं हे शिंपल्यांचे प्रकार ओहोटीलाच काढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटीला पाणी लांब हटतं, खडक उघडे पडतात, आणि ही ओहोटी येते पहाटे पाच-सहाच्या दरम्यान. त्या दिवसांत नऊ-दहाला बाजारात जा, नुकत्याच काढलेल्या तिसऱ्यांचे वाटे लागलेले असतात. याउलट अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर. ओहोटी भर दुपारी, तीही अर्धीमुर्धी. त्या दिवशी सकाळी सातला कोणी "आत्ताच काढल्यात" म्हणून तिसऱ्या देऊ लागलं, तर हसून पुढे व्हा. रायगड-पालघरकडे डोल जाळ्यांचं, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचं, सगळंच पाण्याच्या ओढीवर चालतं. उधाणात बोंबील-जवळा भरपूर, भांगात जाळी हलकी.

मोठ्या ट्रॉलरची गोष्ट निराळी. ते बर्फ घेऊन जातात, काही दिवस समुद्रातच राहतात. त्यामुळे आज बंदरात उतरलेली मासळी आजच पकडलेली असेलच असं नाही. ताजंच हवं असेल तर छोट्या होड्यांचं किंवा रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्याचं, घ्या. तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर थांबा, तिथे मासे तुमच्यासमोर वाळूवर येतात. आणि दापोलीकडे गेलात तर हर्णैला संध्याकाळीही लिलाव होतो, म्हणजे तिथे संध्याकाळची मासळी ही सकाळची उरलेली असते असं धरून चालू नका.

वारही बघा. रविवार आणि बुधवारी सगळ्यांनाच मासे हवे असतात, सुरमईकडे बघायचीही सोय नसते. सोमवार-गुरुवारी बऱ्याच घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. जे खातात त्यांनी त्या दिवशी जावं, मासेवाल्या मावशी स्वतःहून दोन बांगडे जास्त टाकतात.

घाटावरचा माल तुलनेने सोपा. कांदे-बटाटे, टोमॅटो, कोबी कोल्हापूर-बेळगावकडून रात्री गाड्यांनी घाट उतरतात, म्हणून सकाळी दुकानात नवा माल. पावसात दरड कोसळून घाट बंद झाला की दोन दिवसांत भाव चढतो. अतिवृष्टीचा इशारा आला की चार दिवसांचे कांदे-बटाटे घरात घेऊन ठेवायचे, बस्स.

तिसरी वाट मला सगळ्यात प्रिय. आठवडा बाजार. सावंतवाडीचा मंगळवार, कुडाळचा बुधवार. गावठी भाजी, लाल माठ, वाल, घरची अंडी घेऊन येणाऱ्या बायका सकाळच्या एसटीने येतात आणि दुपारच्या एसटीने परत जातात. आठ-नऊला निवड चांगली मिळते, बाराच्या पुढे भाव उतरतो, कारण त्यांनाही पाटी रिकामी करून गाडी पकडायची असते. तरीही माझा सल्ला लवकर जाण्याचाच. माठाच्या दोन जुड्यांसाठी त्या आजीशी घासाघीस कसली करायची? आणि एक लक्षात ठेवा, दुपारी एक ते चार आपल्याकडची बरीच दुकानं बंद असतात. मुंबईकर तेव्हाच पिशवी घेऊन बाहेर पडतात!

वर्षाचं म्हणाल तर सगळ्यात महत्त्वाचा बाजार आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीचा. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे सुकट, सोडे, खारे बांगडे एप्रिल-मेमध्येच घ्यायचे, कडक उन्हात वाळलेले. जूनमध्ये आठवण झाली तर भाव चढलेला आणि माल दमट. सोलंही तेव्हाचीच. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये, सालं उन्हात वाळतात, तेव्हा पहिल्या पावसाआधी वर्षाची भरून ठेवा. मिरची त्याच्याही आधी, मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे मसाला दळून आणण्याआधी ती वाळवायला हाताशी ऊन असतं.

ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात जातात तेव्हा बहुतेक श्रावण असतो. अर्धं गाव मासे खात नाही, कोळंबी मात्र येत असते. श्रावण न पाळणाऱ्यांची चंगळ.

मग गणपती. चाकरमानी उतरायच्या आठवडाभर आधी नारळ, गूळ, तांदळाचं पीठ घरात आणून ठेवा. पडवळ, दोडकी, अळू, चिबूड यांची घाई नको, ते तेव्हा परसातच तयार होत असतात आणि बाजारातही गावठीच मिळतात. आणि गणपती पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजारात जाऊ नका. अख्खा गाव तिथेच असतो, चाकरमान्यांसकट. एक दिवस अंड्यांवर काढा.