ताइवो धाकटा, केहिंदे थोरला

नमस्कार श्रोतेहो.

जुळ्यांमध्ये जो आधी जन्मला तो थोरला, असं आपण धरून चालतो. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातले योरुबा लोक नेमकं उलटं मानतात. आधी येणारं मूल ताइवो, मागून येणारं केहिंदे, आणि थोरलेपणाचा मान केहिंदेचा. का? तर थोरल्यानंच धाकट्याला पुढं पिटाळलेलं असतं, जा, जग कसं लागतं ते चाखून बघ! ताइवो या नावाचा अर्थच मुळी जगाची चव घेणारा. मुलगा असो की मुलगी, नावं हीच. त्यांच्या पाठीवरचं मूल इदोवू, त्याच्या पाठचं आलाबा. ही नावं आईबापांनी निवडायची नसतात, मूल ती स्वर्गातूनच घेऊन येतं. पायाळू मूल असेल तर इगे. पालथं जन्मलं तर अजायी. 1864 साली अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झालेले सॅम्युएल अजायी क्राउदर यांना इंग्रजी नाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालं. पण मधल्या अजायीवरून ते जन्मले कसे, हे कुठलीही योरुबा आजी आजही सांगेल.

बाकीची नावं घरचे ठेवतात. आपलं बारसं बाराव्या दिवशी, त्यांचं साधारण आठव्या. मध, मीठ, पाणी, कोला नावाचं कडवट फळ, असं एकेक बाळाच्या ओठाला लावून आशीर्वाद देतात. आणि त्यांच्यात म्हण आहे की आधी घर बघावं, मग मुलाला नाव द्यावं. आजोबा गेल्यावर नातू झाला तर बाबातुंदे, म्हणजे बाबा परत आले. आजी गेल्यावर नात झाली तर येतुंदे. सणात जन्मलं तर अबियोदून, वाटेत जन्मलं तर अबियोना. नाव म्हणजे अख्खं वाक्य असतं, आणि ते ऐकणाऱ्याला कळतं. आपल्याकडे अन्वय नाव ठेवायचं आणि मग अर्थ शोधत बसायचं, तसा प्रकार तिथं फारसा नाही.

काही नावं मात्र अंगावर येतात. एकामागून एक मुलं दगावली की तेच मूल फिरून फिरून येतं आणि जातं, अशी जुनी समजूत. अशा मुलाला म्हणतात अबिकू. मग नावातूनच त्याची विनवणी करायची. मालोमो, म्हणजे आता जाऊ नकोस. दुरोजाये, म्हणजे थांब, जरा सुख भोग. आणि कोसोको, म्हणजे कुदळ नाही. तुला पुरायला खड्डा खणायची कुदळच आमच्याकडे उरली नाही, बघ काय करायचं ते! कोसोको नावाचा नायजेरियातल्या लागोस शहराचा एक राजाही होता, इंग्रजांनी 1851 साली तोफा डागून त्याला घालवलं. धोंडू, दगडू ही आपल्याकडची नावं याच भीतीतून आलेली. आपण मृत्यूला फसवू बघतो, ते मुलालाच दम देतात.

आता जरा लागोसच्या रस्त्यावर येऊ. तोकुंबो हे नाव परदेशात जन्मलेल्या मुलाचं, अर्थ साधारण 'समुद्रापलीकडून परत आलेला'. युरोप-अमेरिकेत वापरून झालेल्या मोटारी जहाजानं लागोसच्या बंदरात उतरू लागल्या, आणि लोकांनी त्यांनाही तोकुंबो म्हणायला सुरुवात केली. गाडी नवी की तोकुंबो, हा तिथं अगदी रोजचा प्रश्न. मग फ्रिजही तोकुंबो, टायरही तोकुंबो. ज्याचं नावच तोकुंबो आहे त्यानं शाळेत काय काय ऐकलं असेल!

बास्केटबॉल बघणाऱ्या श्रोत्यांना यानिस आंतेतोकुंपो माहीत असेल, 2021 साली मिलवॉकी बक्सला विजेतेपद मिळवून देणारा. त्याचं घराण्याचं नाव आदेतोकुंबो, म्हणजे समुद्रापलीकडून परतलेला मुकुट. आईवडील नायजेरियाचे, जन्म अथेन्सचा. ग्रीक लिपीत 'द' आणि 'ब' दोन-दोन अक्षरं जोडून लिहावे लागतात. ते पुन्हा रोमन लिपीत आलं तेव्हा नावाचं हे लांबलचक रूप झालं. कागदपत्रांनी असे हाल केले, तरी योरुबा माणसाला आतला मुकुट ओळखू येतो.

उलट्या दिशेचा शब्द आहे जापा. मूळ अर्थ सटकणं, पळ काढणं. गेल्या काही वर्षांत डॉक्टर, नर्स, संगणकवाले देश सोडून निघाले, तसा तो परदेशी कायमचं जाण्याचा शब्द झाला. जापा कधी करतोस, असं मित्र एकमेकांना विचारतात. आणखी एक मजेदार जोडी सांगतो. लाडात वाढलेलं पोर अजेबोटा, म्हणजे लोणी खाणारं. रस्त्यावर वाढलेलं अजेपाको, म्हणजे लाकूड चावणारं. दोघंही हे शब्द चेष्टेत आणि अभिमानानं वापरतात, लाकूडवाले जरा जास्तच.

घरात एवढी मोठी नावं कोण घेणार? ती कापली जातात. बाबातुंदेतले बाबा गळतात, उरतो नुसता तुंदे. ओलुवोलेचा अर्थ प्रभू घरात आला, त्यातला प्रभू गळला की उरतो वोले. नोबेलविजेते लेखक वोले सोयिंका यांना सगळं जग याच नावानं ओळखतं. आणि दारात कुणी आलं की योरुबा घरातून हाच शब्द ऐकू येतो: वोले, या, आत या.