दहा बटणं

[दृश्य: काळा अकॉर्डियन, वाजवणारी बोटं]

नीट बघा. या बाजाला उजव्या हाताखाली दहाच बटणं आहेत. भाता आपल्या पेटीला असतो तसाच, पण पेटीची पट्टी दाबून ठेवली की भाता हलवत राहा, सूर तोच राहतो. इथे भाता आत दाबला की एक सूर, बाहेर ओढला की त्याच बटणावर दुसरा. म्हणजे चाल बोटांनी जितकी बांधायची, तितकीच भात्याने. नाचाचा ठेका या दाब-ओढीतूनच निघतो.

[दृश्य: सपाट भातशेती, दूरवर एक लाकडी घर]

आमेदे आर्दवाँ. जन्म १८९८, अमेरिकेतलं नैर्ऋत्य लुइझियाना. कुटुंब क्रिओल, म्हणजे इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय समाजातलं. चण लहान आणि आवाज मात्र फार चढा. अशा घरांतून नाच चालायचे, तेव्हा माइक नव्हते. पावलांच्या धपधपाटातही हा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचायचा. शब्द तो आयत्या वेळी जुळवायचा. पिठाच्या पोत्यात बाजा, खिशात घशासाठी लिंबू, असा तो नाचाला यायचा म्हणे.

[दृश्य: जुनी तबकडी फिरतेय]

हे फिडल, म्हणजे व्हायोलिन, डेनिस मगीचं. मगी गोरा, केजन, म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या गोऱ्या समाजातला. दोघे एकाच मालकाची जमीन बटईने कसायचे. ९ डिसेंबर १९२९ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये दोघांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. वर्णभेद कायद्यानेच लादलेला होता त्या काळात एक काळा आणि एक गोरा, एकाच तबकडीवर. १९३४ पर्यंत आमेदेची ३४ गाणी मुद्रित झाली.

पुढे एका नाचात गोऱ्या घरातल्या मुलीने त्याला घाम पुसायला रुमाल दिला. त्या रात्री त्याला बेदम मारलं, असं त्याचे सोबती सांगत. नोव्हेंबर १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो वारला.

[दृश्य: खूण नसलेली दफनभूमी, गवत. निवेदन नाही.]

महायुद्धानंतर आयरी लेज्यून या गोऱ्या वादकाने त्याच्या चाली पुन्हा तबकडीवर आणल्या आणि मागे पडलेला अकॉर्डियन परत गाजू लागला. या संगीताला जग केजन संगीत म्हणतं. त्यातल्या कितीतरी चाली या क्रिओल माणसाच्या आहेत, हे त्याचं नाव घेऊन सांगायला हवं.

[दृश्य: लुइझियानातलं ऑपेलूसास गाव, पुतळा]

आमेदेचा हा पुतळा २०१८ चा.

आणि ही तबकडी न्यूयॉर्कची, डिसेंबर १९३४ मधली. यात फिडल नाही. आमेदे एकटाच आहे.

[आवाज पूर्ण चढवा]