प्रभूची इच्छा आणि खालचा खण

जय ख्रिस्त. मागं आवाज येतोय ना? नसला येत तरी पुढं येऊ नका. पहिल्या दोन रांगा रिकाम्या ठेवायची आपल्या चर्चच्या मंडळीची जुनी परंपरा आहे, ती माझ्यामुळं मोडायला नको.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘परदेशातील सेवाकार्य : अडथळे आणि विश्वास’. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी एसटीत होतो, सुचलं ते नाव सांगून टाकलं. खरं तर व्याख्यानाचं नाव ‘खालचा खण’ असायला हवं होतं. का, ते कळेलच. आणि मी पाळक नाही. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटर ट्रेडच्या पोरांना कानस धरायला शिकवली. त्यामुळं ग्रीक-हिब्रू काही विचारू नका. थ्रेडचं माप विचारा, सांगतो.

माझी तक्रार आधी सांगतो, म्हणजे मन मोकळं होईल. आपल्या बैठकांमध्ये एक वाक्य फार लवकर येतं : ‘प्रभूची इच्छा दिसत नाही.’ हॉलचा पत्रा गळतोय, दोन कोटेशनं आली, दोन्ही महाग. लगेच, प्रभूची इच्छा दिसत नाही. अहो, तिसरं कोटेशन मागवा की! दुसरं वाक्य तेवढंच तयार असतं : ‘हा सैतानाचा हल्ला आहे.’ माईक बंद पडला, सैतान. बसची टपावरची ताडपत्री फाटली, सैतान. बिचाऱ्याला आपल्या मंडळीत जेवढं काम आहे तेवढं दुसरीकडं कुठं नसेल. ही दोन्ही वाक्यं बोलायला सोपी असतात, कारण ती बोलल्यावर कुणालाच काही करावं लागत नाही.

आता आमची योजना. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी गावाकडं हापसा मारलेला आहे. पण तो हापसा आला कुठून, हे माहीत आहे? पूर्वी आपल्याकडं बिडाचे हापसे होते, एका कुटुंबानं अंगणात वापरावेत अशा मापाचे. सगळा गाव त्यावर तुटून पडला की महिन्यात खिळखिळे. जालना, वडाळा, सोलापूर इथं मिशनची माणसं विहिरी आणि बोअरचं काम करत होती. त्यांनी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये हापशाचं डोकं, म्हणजे वरचा भाग, बदलायला घेतलं. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी आली, बेअरिंग आलं. त्याच नमुन्यावरून 1970 च्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. आज तो कितीतरी देशांत आहे. युगांडात त्याच्या भावाला ‘यू टू’ म्हणतात. म्हणजे मिशनच्या लोकांनी महाराष्ट्रात ठोकून-ठाकून तयार केलेलं यंत्र आफ्रिकेतल्या बायका रोज हापसतात. हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं आणि माझी झोप उडाली. परदेशातून लोक आपल्याकडं आले, शाळा काढल्या, दवाखाने काढले. आपण निदान जाऊन वॉशर बदलू या!

मग बारा जणांचा गट केला. युगांडातल्या एका मंडळीशी पत्रव्यवहार झाला. बंद पडलेले हापसे दुरुस्त करायचे आणि तिथल्या पोरांना शिकवून यायचं, एवढंच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याचं लेथ आहे असा एक तरुण आमच्यात होता, मिरजेला आयुष्य काढलेल्या एक निवृत्त परिचारिका होत्या, आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो.

पहिली खोट पैशात निघाली. आम्हाला वाटलं, ट्रस्टच्या खात्यातून खर्च करू. सीए म्हणाले, थांबा. धर्मादाय ट्रस्टनं भारताबाहेर पैसा खर्च केला तर त्यावर करमाफी धरता येत नाही, प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते. झालं. बैठकीत लगेच प्रभूची इच्छा दिसेनाशी झाली. शेवटी प्रत्येकानं आपल्या खिशातून जायचं ठरलं आणि बारा जणांची यादी सातावर आली. कुणाची इच्छा कुठं संपते, हे तेव्हा बरोबर दिसतं.

मग पिवळ्या तापाची लस. ती गल्लीतल्या डॉक्टरकडं मिळत नाही. नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, आणि प्रवासाच्या दहा दिवस आधी. आम्ही पुण्याची तारीख घेतली. तिकिटं काढली, 20 ऑगस्ट 2019.

कोल्हापूरच्या माणसाला 2019 चा ऑगस्ट म्हटल्यावर पुढं काही सांगावं लागत नाही.

तरी सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीला हायवे पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही. मी शाहूपुरीत सखल भागात राहतो, तळमजल्यावर. रात्री दोनला शेजारच्या पोरांनी दार वाजवलं, ‘काका, चला.’ मी, आमच्या घरातली मंडळी, एक पिशवी, आणि का कोण जाणे, पाइप रेंच. सहा दिवस चर्चच्या हॉलमध्ये काढले. त्याच हॉलमध्ये, ज्याचा पत्रा गळत होता.

सातव्या दिवशी घरी आलो. गाळ. फ्रीज आडवा. आणि लोखंडी कपाट. तिकिटावरची नावं पासपोर्टप्रमाणं तंतोतंत असावीत म्हणून मी सातही जणांचे पासपोर्ट गोळा करून घेतले होते. ते कपाटाच्या खालच्या खणात होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीला गाठ मारलेली नव्हती.

सात पासपोर्टांचा एक लगदा झाला होता. आमच्या सौभाग्यवतींनी जुनी साडी मध्ये घालून, शेजारच्यांच्या इस्त्रीनं एकेक पान सोडवलं. गच्चीत दोरीला चिमटे लावून पासपोर्ट वाळत घातले. गल्लीतली पोरं बघायला आली. वाळल्यावर ते पापडासारखे वळले. पासपोर्ट ऑफिसात घेऊन गेलो, तर खिडकीतल्या साहेबानं एक उचलला, पान उलटलं, ते चक्क मोडलं. म्हणाला, ‘काका, हा पासपोर्ट आहे का आंबोळी?’ सगळे नवीन करून घ्यावे लागले. 20 ऑगस्ट गेला.

त्या महिन्यातली बैठक मी विसरणार नाही. मंडळीतले एक वडीलधारे उठले. माझ्या वडिलांच्या जागी आहेत, बोलायची सोय नाही. म्हणाले, ‘प्रभूनं प्रत्यक्ष जलप्रलय पाठवला, तरी तुम्हाला उत्तर कळेना?’ लगेच आमच्या तरुणांतला एक ताडकन उठला, ‘हा सैतानाचाच हल्ला आहे, आता तर जायलाच पाहिजे!’ पाऊण तास हे चाललं. वचनं इकडून तिकडं जात होती. मग कोपऱ्यातून सिस्टर म्हणाल्या, ‘भाऊ, मला एक सांगा, पासपोर्ट खालच्या खणात ठेवले कुणी?’

सगळा हॉल गप्प.

मी ठेवले होते. 2005 साली त्याच खोलीत गुडघाभर पाणी आलं होतं, मला माहीत होतं. बरं, वरच्या खणात काय होतं? माझे पेन्शनचे कागद. मेणकापडात गुंडाळून, सुतळी बांधून. पेन्शनचे कागद वर आणि प्रभूच्या कामाचे खाली. हे मी त्या दिवशी बैठकीत बोललो नाही. आज पहिल्यांदा बोलतोय.

पुढं 2020 च्या मार्चची तारीख धरली होती. त्याचं काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. त्यात माझा खण नव्हता, एवढंच समाधान.

पण त्या रिकाम्या काळात युगांडातून एक पत्र आलं. आम्ही जहाजानं मोंबासामार्गे पाठवायला जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपांसाठी वर्गणी जमवली होती. तिथल्या मंडळीचा मेकॅनिक लिहितो, आमच्या भागात हे पाइप आणू नका. पाणी आम्लधर्मी आहे, ते आधी जस्त खातं, मग लोखंड. पाणी तांबडं येतं, त्याला गंजाची चव लागते, बायका हापसा सोडून परत डबक्याकडं जातात. ठरल्या तारखेला गेलो असतो तर आम्ही चाळीस पाइप गंजायला घालून, फोटो काढून परत आलो असतो.

आता इथं कुणीतरी म्हणणारच, ‘बघा, म्हणून पूर आला!’ नाही. पुरात माणसं गेली, जनावरं दाव्याला मेली. आमच्या चाळीस पाइपांसाठी देव शिरोळ तालुका बुडवत नसतो. चूक एवढीच होती की आम्ही तिथल्या माणसाला आधी विचारलंच नव्हतं. हाही खालचाच खण.

संयोजक चिठ्ठी पाठवताहेत. ‘दहा मिनिटं.’ म्हणजे विषयाला आता सुरुवात करायला हरकत नाही.

जाता जाता वायल्डर. आपल्या गावात त्यांच्या नावाचं चर्च आहे म्हणून नाव सगळ्यांना ठाऊक, पण गोष्ट ठाऊक नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. शाळांवरून त्यांचं अमेरिकेतल्या मिशन बोर्डाशी बिनसलं, मायदेशी जावं लागलं, बोर्डाशी नातं तुटलं. इच्छा दिसत नाही म्हणायला याहून मोठं निमित्त काय हवं? ते स्वतः पैसे उभे करून 1861 मध्ये परत इथंच आले. 1863 मध्ये याच कोल्हापुरात त्यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. त्याच्या खटपटीतून 1886 मध्ये अमेरिकेत माउंट हर्मनला शंभर विद्यार्थी मिशनला जायला उभे राहिले, त्यातून मोठी चळवळ झाली. आणि मिशनरी विल्यम कॅरी, ज्यांनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, त्यांना 1793 मध्ये परवाना नाही म्हणून भारताकडं निघालेल्या जहाजावरून सामानासकट खाली उतरवलं होतं. पत्नी आधी यायला तयार नव्हत्या. त्या खोळंब्यात तयार झाल्या. तो खोळंबा बरा की वाईट? पुढं त्या बाईंचे जे हाल झाले ते वाचलं तर पटकन उत्तर देता येत नाही. मी देत नाही.

आता प्रेषित पौल, जो मुख्य विषय होता. बायबलातली तीन ठिकाणं लिहून घ्या, घरी वाचा. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय : आशिया नावाच्या रोमन प्रांतात जायचं तर पवित्र आत्मा अडवतो, बिथुनियातही जाऊ देत नाही. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, दुसरा अध्याय : यायचं होतं, पण सैतानानं अडवलं. आणि रोमकरांस पत्र, पंधरावा अध्याय : तुमच्याकडं येणं राहिलं, कारण इकडंच काम चाललं होतं. एकच माणूस, तीन खोळंबे, आणि तिन्हींची कारणं वेगळी. त्यानं प्रत्येक वेळी एकच शिक्का मारला नाही. आपल्याकडं मात्र दोनच शिक्के, आणि दोन्ही शाई लावून तयार.

दुसरं, त्रोवसात त्याला दृष्टान्तात मासेदोनियाचा माणूस दिसला, रस्ता उघडला. आणि पुढं फिलिप्पैत काय? फटके आणि तुरुंग. म्हणजे रस्ता उघडला की सगळं सुरळीत होतं, हेही खरं नाही. आणि स्पेनला जायचं तो रोमकरांना लिहितो. तो पोचला की नाही, बायबल सांगत नाही. त्या पत्राचं मोल त्यामुळं कमी झालं का?

‘तीन मिनिटं.’ बरं.

आम्ही जानेवारी 2023 मध्ये गेलो. सातातले तिघं. मी साठीच्या पुढचा, लसीआधी डॉक्टरांनी दहा वेळा तपासलं. पहिल्याच गावात एक हापसा दोन वर्षं बंद. सगळे म्हणाले, बोअर आटलं. पाणी परत यावं म्हणून तिथं दर रविवारी प्रार्थना व्हायची. आम्ही झाकण काढलं, साखळी सोडली, पाइप आणि रॉड एकेक करून वर ओढले. शेवटी सिलिंडर हातात आला. उद्यमनगरच्या पोरानं वॉशर बोटावर घेऊन मला दाखवलं, कडा झिजून कागदासारखी झालेली. नवीन बसवलं, परत सगळं खाली सोडलं. पिवळा कॅन घेऊन एक बाई उभी होती, तिनंच दांडा धरला. मी मोजत होतो. अडतिसाव्या हापक्याला तांबडं पाणी आलं. ती थांबली, माझ्याकडं बघितलं. मी हातानं म्हटलं, मारा, मारा. पन्नाशीच्या पुढं स्वच्छ आलं. तिनं गुडघ्यावर बसून आधी प्रार्थना केली, मग कॅन लावला. तिची दोन वर्षांची प्रार्थना ऐकली गेली की नाही, यावर मी तिच्याशी वाद घातला नाही. वॉशर खिशात ठेवलं. हे बघा, आणलंय, मागं फिरवा, पण परत द्या.

पुढच्या जानेवारीत परत जायचंय. चार जागा आहेत, स्वखर्चानं. चहाच्या टेबलाजवळ वही ठेवलीय, नाव लिहा. पासपोर्टची झेरॉक्स द्या. मूळ पासपोर्ट मात्र माझ्याकडं देऊ नका, मी अजून तळमजल्यावरच राहतो.